हजार चाहते कीं एक गांव ?

गायकानें गावें कसें, हें शिकविणारे ग्रंथ आपल्याकडे शार्ङ्गदेवाच्या काळापासून आहेत. गाइलेलें गाणें विकावें कसें, हें शिकविणारें वाङ्मय मात्र अगदीं अलीकडचें. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा आश्रय न घेतां स्वतःचें गाणें स्वतःच्या खर्चानें मुद्रित करणारा, स्वतःच तें इंटरनेटवर प्रसिद्ध करणारा आणि त्याचा जमाखर्चही स्वतःच पाहणारा असा जो कलावंत, त्याला इंग्रजींत 'इंडिपेंडंट' आणि लाडानें 'इंडी' म्हणतात. या स्वतंत्र कलावंतानें आपलें नांव कसें गाजवावें, श्रोते कसे जोडावेत आणि त्या श्रोत्यांपासून द्रव्यप्राप्ति कशी करून घ्यावी, याविषयींचा उपदेश आज इतका विपुल झाला आहे कीं, उपदेश घेणाऱ्यांपेक्षां उपदेशकांचाच धंदा अधिक बरा चालत असावा अशी शंका येते. मूळ उपदेश बहुतेक अमेरिकेंत जन्मलेला. परंतु तो आतां हिंदी-मराठींत उतरून संगमनेर, अकोले, जामखेड, पारनेर येथील तरुण गायकांच्या मोबाइलपर्यंत येऊन पोहोंचला आहे. आणि म्हणूनच मराठी टीकाकारानें त्याची परीक्षा करणें अवश्य झालें आहे.

या परीक्षेसाठीं नगर जिल्हा (२०२४ पासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे तो) निवडण्यास कारण आहे. कोणाच्या पदरीं न राहतां पोट भरणाऱ्या कलावंतांची येथें जुनी परंपरा आहे. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हा संगमनेरचा. फड घेऊन मुलखांतून फिरावें, जेथें रसिक भेटेल तेथें उतरावें, बिदागी घ्यावी आणि पुढें जावें, हा त्याचा व्यवसाय. तो महेश्वरास अहिल्याबाईंच्या भेटीला गेला असतां बाईंनीं त्याचा सत्कार केला, पण ब्राह्मणानें तमाशा करावा हें त्यांना रुचलें नाहीं, आणि त्यांच्या शब्दावरून फंदीनें डफ टाकून कीर्तन धरलें, अशी आख्यायिका आहे. तिच्या खरेखोटेपणांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आश्रयदाता एकटाच असला म्हणजे त्याच्या एका शब्दानें कलावंताचा डफ बंद पडतो, एवढें तींतून घेण्यासारखें आहे. १७२५ सालीं याच जिल्ह्यांतील चौंडी येथें जन्मलेली ती माउली पुण्यश्लोक होती, आणि तिचा शब्द निदान समोरासमोर उच्चारलेला होता. यूट्यूब आणि स्पॉटिफाय यांच्या गादीवर आज 'अल्गोरिदम' नांवाचा जो नवा आश्रयदाता बसला आहे, त्याच्या पुण्याईची हमी कोणी देत नाहीं, आणि आज प्रसन्न असलेला तो उद्यां रुष्ट कां झाला हें विचारण्यास त्याचा दरबारही कोठें भरत नाहीं.

या उपदेश-वाङ्मयाचें मूळसूत्र म्हणून जें मानलें जातें, तें केव्हिन केली या अमेरिकन लेखकाच्या २००८ सालच्या एका छोट्या निबंधांत आहे. त्याचा सिद्धांत असा : कलावंताला लाखों श्रोत्यांची गरज नाहीं, तो जें जें प्रसिद्ध करील तें तें विकत घेणारे एक हजार सच्चे चाहते त्याला पुरे. प्रत्येकाकडून वर्षाकांठीं शंभर डॉलर, तेही मधल्या दलालाच्या हातून न जातां थेट, मिळाले कीं वर्षाचे एक लाख डॉलर झाले आणि संसार चालला. हिशेब सुटसुटीत आहे, आणि त्यांत शहाणपणही आहे. कोट्यवधि श्रोत्यांच्या मृगजळामागें धांवणाऱ्या तरुणाला तो थोडक्यांत समाधान मानण्यास सांगतो. मात्र ते थोडके खरे असले पाहिजेत. केलीच्या अनुयायांनीं यांतला हजार हा आंकडा उचलला आणि 'सच्चे' हा शब्द वाटेंत टाकून दिला. सबस्क्राइबर वाढवा, अनुयायी वाढवा, रोज कांहींतरी प्रसिद्ध करा, हा त्यांचा घोष. यूट्यूबनेंही जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा देण्यासाठीं एक हजार सबस्क्राइबरांचीच अट घातली असल्यामुळें त्या आंकड्याला मंत्राचें सामर्थ्य आलें.

आतां हा हिशेब अकोले तालुक्यांतल्या एखाद्या जागरण-गोंधळाच्या पार्टीला लावून पाहावा. शंभर डॉलर म्हणजे आठ हजारांहून अधिक रुपये. एका गायकासाठीं दरसाल एवढी रक्कम पदरची खर्च करील असा एक शेतकरी मिळणें दुरापास्त. मग हजार कोठून आणावयाचे? पण तेवढ्यावरून तेथें गाण्याला गिऱ्हाईक नाहीं असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. तेथें गिऱ्हाईक म्हणजे गांव. चैत्र-वैशाखांत गांवोगांव यात्रा भरतात. यात्रा-कमिटी दर उंबऱ्यामागें वर्गणी जमविते, आणि त्या वर्गणींतून तमाशाच्या फडाला सुपारी जाते. वर्गणी देणारा प्रत्येक जण त्या फडाचा चाहता असतोच असें नाहीं. कित्येकांनीं तो फड पूर्वीं पाहिलेलाही नसतो, आणि कांहीं तर यात्रेच्या रात्रीं खुशाल घरीं निजतात. तरी पैसा दिला जातो, कारण तो ग्रामदैवताच्या उत्सवाला दिलेला असतो. केलीच्या परिभाषेंत बोलावयाचें तर येथें अख्खा गांव मिळून एक सच्चा चाहता होतो. आणि हंगामाच्या जितक्या रात्री तितके असे चाहते जोडले कीं फडाचें वर्ष निभावतें. आमच्या पाहण्यांत आलेल्या एकाही उपदेशकाला सामुदायिक गिऱ्हाइकाची ही कल्पना शिवलेली नाहीं. एकटा श्रोता, एकट्याचा मोबाइल, कानांत घातलेलीं एकट्याचीं यंत्रें, एवढेंच त्यांचें जग.

या गिऱ्हाइकाची पेठही ठरलेली आहे. संगमनेरहून पुण्यास जातांना वाटेंत नारायणगांव लागतें. तें पुणें जिल्ह्यांत मोडत असलें तरी नगरच्या फडांचेंही माहेर तेंच. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या लागतात. गांवोगांवचे कारभारी येतात, या राहुटींतून त्या राहुटींत हिंडतात, यंदा कलावंत कोण, वग कोणता, नाचणाऱ्या किती, याची चौकशी करतात. घासाघीस होते, गेल्या वर्षीं फड उशिरा आला होता त्याची आठवण निघते, आणि अखेर तारीख ठरून इसार हातावर पडतो. 'नेटवर्किंग' या नांवानें ज्या गोष्टीवर इंग्रजी पुस्तकांत एक आखें प्रकरण खर्ची पडतें, ती येथें चहाच्या एका कपावर उरकते. जाहिरातीची विद्याही या मंडळींना कोणीं शिकवावी असें नाहीं. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' हें संगमनेरच्या फडाचें नांव वर्षानुवर्षें गांवोगांवच्या फलकांवर झळकलें आहे. मे २०२१ मध्यें निवर्तलेल्या कांताबाई या रघुवीर यांच्या मातोश्री, आणि पुरुषभूमिकांत गाजलेल्या थोर कलावतीण. मुलाचें नांव पुढें, आणि ज्या नांवावर विसंबून जुना कारभारी सुपारी देतो तें आईचें नांव त्याच्या पाठीशीं. 'सह' या दोन अक्षरांनीं जें साधलें, त्यासाठीं नव्या उपदेशकांनीं 'ब्रँड' या शब्दाभोंवतीं किती पानें भरलीं आहेत !

मग इंटरनेटचा या लोकांना उपयोग नाहीं काय ? आहे, आणि तो वाढतोही आहे. हल्लींचा कारभारी राहुटींत पाऊल टाकण्यापूर्वीं फडाची चित्रफीत मोबाइलवर पाहूं लागला आहे. म्हणजे मुद्रित झालेलें गाणें हा येथें विकावयाचा माल नव्हे; कापडवाला गिऱ्हाइकापुढें टाकतो त्या नमुन्याच्या तुकड्यासारखें तें आहे. तुकड्याचे पैसे मिळाले नाहींत म्हणून कापडवाला कपाळाला हात लावीत नाहीं. ठाण विकलें गेलें म्हणजे झालें. ही दृष्टि एकदां पत्करली कीं उपदेशांतला पुष्कळसा भाग आपोआप गळून पडतो. सहा महिन्यांत लाखों वेळां ऐकलें जाण्याची हांव निरर्थक ठरते, आणि पन्नास गांवच्या पन्नास कारभाऱ्यांनीं एक चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली तरी ती पुरेशी होते.

एके ठिकाणीं मात्र नवें आणि जुनें इतकें जवळ आलें आहे कीं गंमत वाटते. जामखेडच्या कलाकेंद्रांत संगीतबारी चालते. तेथें फर्माइशीच्या लावणीवर रसिक दौलतजादा करतो, आणि त्या पैशांत थिएटरवाल्याचा वांटा असतो. यूट्यूबनें २०१७ मध्यें 'सुपर चॅट' म्हणून एक सोय काढली. गाणें चालू असतांना श्रोता पैसे देतो, त्याचें नांव रंगीत पट्टींत सर्वांस दिसतें, आणि शंभरांतले तीस यूट्यूब ठेवून घेतें. संगीतबारीकडे पाहून नाक मुरडणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांतलीं मुलें हीच दौलतजादा आतां घरांत बसून करतात.

येथवर व्यवहाराचें झालें. परंतु या वाङ्मयावर आमचा खरा आक्षेप आहे तो व्यवहारापुरता नाहीं. स्पॉटिफायच्या हिशेबीं एखादें गाणें 'ऐकलें गेलें' असें ठरण्यास तें निदान तीस सेकंद वाजावें लागतें. आणि २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत जें गाणें एक हजार वेळां ऐकलें गेलेलें नाहीं, त्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाहीं. या नियमांपासून उपदेशकांनीं एक काव्यशास्त्रच निर्माण केलें आहे. आरंभींचे स्वर गाळा. मुखडा पहिल्या कांहीं सेकंदांत आणा. रीलमध्यें बसेल असा एक तुकडा आधीं रचा आणि मग त्याच्या भोंवतीं गाणें गुंडाळा. गायकानें तयार करावयाच्या वस्तूला ते 'कंटेंट' म्हणतात. या शब्दासाठीं मराठींत कोणीं 'आशय' हा प्रतिशब्द रूढ केला असेल त्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार असो. कारण ज्या वस्तूंत आशय असण्याची अट नाहीं, नेमकी तिलाच हें नांव मिळालें आहे.

आतां गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम घ्या. गण म्हणजे आरंभींचें नमन. त्यांत श्रोत्याला हातचा धरून ठेवणारें असें कांहीं नाहीं. नव्या शास्त्राप्रमाणें प्रथम कात्री लागेल ती त्यालाच. पोवाड्याच्या नमनाची तीच गत, आणि ख्यालाच्या आलापीचें तर नांवच नको. लक्ष वेधून घेण्याची गरज आमच्या जुन्या कलावंतांना कळत नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. गणाच्या अगोदर ढोलकी आणि हलगी यांची जी झड उठते ती कशासाठीं ? दूरच्या वस्तीवर ती ऐकूं जावी, पालांत गप्पा मारीत बसलेला उठून यावा, रेंगाळणाऱ्याचे पाय भरभर पडावेत, यासाठींच. तीस सेकंदांची विद्या ती हीच. परंतु ती विद्या दारावर उभी राहून हांका मारते, आणि श्रोता आंत आल्यावर बाजूला सरते. गण आपल्याच चालीनें होतो. नव्या उपदेशानें हांका मारणाऱ्याला उचलून देव्हाऱ्यांत बसविलें आहे.

यावर २०२४ सालच्या 'गुलाबी साडी'चा दाखला पुढें केला जाईल. जळगांव जिल्ह्यांतून आलेल्या संजू राठोड या तरुणाचें तें गाणें कोणत्याही चित्रपटाच्या आधारावांचून देशोदेशींच्या रीलांतून वाजलें, आणि मराठी गाण्याला एवढा पल्ला गांठतां येतो हें त्यानें दाखविलें. त्या यशाचें कौतुक आम्हांलाही आहे. गाणें ठसकेबाज आहे, आणि त्यांतली बोली गायकाची स्वतःची आहे. पण वळवाचा एक पाऊस पाहून पेरणीचें वेळापत्रक आंखणारा शेतकरी नगरच्या पर्जन्यछायेच्या मुलखांत तरी टिकणार नाहीं.

सर्वच उपदेशकांना एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल. १९९८ मध्यें 'सीडी बेबी' हें स्वतंत्र कलावंतांचें दुकान काढणारा डेरेक सिव्हर्स हा त्यांत निराळा उठून दिसतो; तो स्वतः गवई होता, आणि ऐकणाऱ्याच्या जागीं स्वतःला ठेवून पाहावें हेंच त्याच्या सांगण्याचें सार आहे. आरी हर्स्टँड याचें २०१६ मध्यें प्रथम निघालेलें जाडजूड पुस्तक, किंवा त्याहून जुनें, १९९१ पासून आवृत्त्या निघत असलेलें डोनाल्ड पासमन या वकिलाचें पुस्तक, यांतील गाजविण्यासंबंधींचीं प्रकरणें आमच्या उपयोगाचीं नाहींत. नोंदणी, करारनामे आणि वांटण्या यांविषयींचीं प्रकरणें मात्र अक्षरशः मराठींत यावींत अशीं आहेत. दुर्दैवानें मोबाइलपर्यंत पोहोंचतात तीं पहिलीं. दुसरीं रुक्ष पडतात.

आणि खरी निकड या दुसऱ्यांचीच आहे. जुना शाहीर आपल्या कवनाच्या अखेरीस आपलें नांव गुंफीत असे. तें नांव वृत्तांत आणि यमकांत असें बसविलेलें असे कीं, काढून टाकल्यास चरण लंगडा पडावा. गाणें कोणाच्याही तोंडीं जावो, नांव त्याच्याबरोबर जाई. मुद्रित गाण्याच्या बाबतींत हें नांव गाण्यांतून निघून एका तक्त्याच्या रकान्यांत गेलें आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला 'आयएसआरसी' म्हणून बारा अक्षरांकांची एक खूण असते. कवि कोण, चाल कोणाची, गायक कोण, कोणाचा वांटा किती, हें त्या खुणेशीं जोडून भरावें लागतें. रकाना कोरा राहिला तर पैसा योग्य घरीं जाण्याची वाटच बुजते. त्यांतून गाणें परंपरागत असेल तर आणखी एक पेंच पडतो. खंडोबाचें जुनें पद कोणा एकाच्या मालकीचें नाहीं. त्याचें ध्वनिमुद्रण मात्र ज्यानें केलें त्याच्या मालकीचें आहे. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें, किंवा मुद्दाम दृष्टीआड केल्यामुळें, एकानें तें पद यूट्यूबच्या दप्तरीं आपल्या नांवें चढवावें आणि पिढ्यान् पिढ्या तें गात आलेल्या दुसऱ्याच्या चित्रफितीवर हक्काची हरकत यावी, असे प्रकार घडूं शकतात.

आपलें गाणें दुसऱ्यानेंच प्रसिद्ध करावें ही तक्रारही येथें नवी नाहीं. अकोले तालुक्यांतील इंदोरी या गांवाच्या नांवानें सर्व महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्या कीर्तनकारांची कीर्ति यूट्यूबवरून घरोघर गेली. आणि आपल्या कीर्तनाच्या चित्रफितींवर पैसा दुसरेच मिळवितात, असें इंदोरीकरांनीं भर कीर्तनांत अनेकदां बोलूनही दाखविलें आहे. फुकट वाटा म्हणजे कीर्ति येईल, या उपदेशाचा पुरावाही त्यांत आहे आणि खंडनही. नगरजवळच्या मेहेराबादशीं जडलेलें एक विलायती उदाहरणही असेंच आहे. 'द हू' या इंग्रज वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड हा मेहेरबाबांचा भक्त. त्यानें व इतर भक्तांनीं मिळून १९७० मध्यें 'हॅपी बर्थडे' नांवाची एक तबकडी थोड्याच प्रती काढून केवळ भक्तमंडळींसाठीं तयार केली. केलीच्या निबंधाच्या अडतीस वर्षें आधींचे ते सच्चे चाहते ! पण त्या प्रतींवरून चोरट्या नकला निघाल्या, आणि १९७२ मध्यें टाउनशेंडला 'हू केम फर्स्ट' ही तबकडी रीतसर बाजारांत आणावी लागली. त्याच्यापाशीं कंपनी होती, वकील होते. आमच्या गोंधळ्यापाशीं काय आहे ?

त्याच्यापाशीं निदान कायदा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनें गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनांतला समान वांटा असा पक्का केला आहे कीं, त्यांनीं तो कंपनीला लिहून दिला तरी तो लिहून दिला असें होत नाहीं. कॅसेटच्या काळांत एकरकमी पैसे देऊन सर्व हक्क घेण्याची जी सर्रास पद्धति होती, तिच्या मुळावर हा घाव आहे. हें धन गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, आणि गायकांच्या हक्कांसाठीं तशीच एक संस्था २०१३ मध्यें निघाली. त्याहून मौजेची गोष्ट १९९४ च्या दुरुस्तींत आहे. 'प्रयोग करणारा' या शब्दाची तेथें जी व्याख्या केली आहे, तींत नट, गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा हेही बसविले आहेत. त्या रांगेंत कीर्तनकार सहज मावतो, आणि ढोलकीवालाही. त्यांचा प्रयोग त्यांच्या संमतीवांचून मुद्रित करून धंद्यासाठीं वापरण्यास त्यांना हरकत घेतां येते, आणि हा हक्क पन्नास वर्षें टिकतो. गारुड्याची आठवण ठेवणारा हा कायदा करणाऱ्यांनीं आमच्या उपदेशकांपेक्षां खेड्यांतल्या यात्रा अधिक पाहिल्या असाव्यात.

या सर्वांवर मराठींत एक चोख, स्वस्त पुस्तक निघणें अवश्य आहे. त्यांत चाहते जोडण्याचें प्रकरण नसलें तरी चालेल. नारायणगांवच्या राहुटींत बसणाऱ्याला तें येतें. तक्ता कसा भरावा, संस्थेंत नांव कसें घालावें, सुपारी ठरवितांना मुद्रणाची अट कशी लिहून घ्यावी, एवढें असलें म्हणजे झालें. आज एखाद्या फडानें आपला वग मुद्रित करून प्रसिद्ध केला, तर कवनकाराचें आणि गायिकेचें नांव कसेंबसें भरलें जाईल. ढोलकीवाल्याचा आणि हलगीवाल्याचा रकाना बहुधा कोराच राहील, कारण तो भरावयाचा असतो हें त्यांना कोणीं मराठींत सांगितलेलेंच नाहीं.